आधी झाड पाहा, मग कुऱ्हाड उचला



१९०४ साली न्यूयॉर्क शहरातल्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात काही मोठी झाडे भर हंगामात वाळू लागली. पाने गळत नव्हती, जागच्या जागी करपून फांदीला लोंबत होती. तिथला वनाधिकारी हर्मन मर्केल याने वाळलेल्या फांद्या छाटल्या आणि मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारले. त्या काळी बुरशीवर हे औषध हाताशी होते. उपयोग शून्य झाला. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत त्या जातीची तीनशे ते चारशे कोटी झाडे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांतून उभ्या उभ्या मेली, असा अंदाज आहे.

झाडाचे नाव चेस्टनट. काटेरी बोंडात तपकिरी, टणक सालीचे फळ येते. ते बदाम-भुईमुगासारखे तेलाचे नसते, पिठूळ असते. चवीला आपल्या शिंगाड्याच्या जवळचे. भाजून खातात, दळून भाकरीही करतात. आपल्या कोणाच्या बांधावर हे झाड नाही आणि होणारही नाही. मग पऱ्हाटी-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात त्याची हकीगत कशाला? तर या झाडाला मारणाऱ्या बुरशीचे अर्धेच आयुष्य माहीत असताना सरकारी खजिना तिच्यावर रिता झाला, आणि उरलेले अर्धे कळेपर्यंत कुऱ्हाडीने आपले काम करून टाकले होते. पिकावर रोग आला की दुकानदार सांगेल ती बाटली उचलणाऱ्या आपल्या सगळ्यांना ही हकीगत माहीत असलेली बरी.

आधी हे झाड कोणाचे होते ते पाहू. अ‍ॅपलाशियन नावाची डोंगररांग अमेरिकेच्या पूर्व बाजूने उत्तर-दक्षिण पसरली आहे. तिथला शेतकरी म्हणजे सिनेमात दिसणारा हजार एकरांचा धनी नव्हे. उताराची हलकी जमीन, थोडा मका, चार डुकरे, मोठे कुटुंब. शरदात चेस्टनटचा सडा पडला की डुकरे रानात मोकळी सोडायची, ती फुकटात पोसली जायची. बायका-पोरे पहाटे उठून फळे वेचायची आणि दुकानात देऊन त्या बदल्यात मीठ, कापड, हिवाळ्याचे बूट आणायची. तोच माल पुढे रेल्वेने शहरात जाऊन रस्त्यावरच्या भट्टीत भाजून विकला जाई. लाकूड सहजासहजी कुजत नाही, म्हणून कुंपणाचे खांब त्याचे. कातडी कमावण्याचा अर्क त्याच लाकडातून आणि सालीतून निघे. पेरणी नाही, खुरपणी नाही, सावकाराचे कर्ज नाही. आपल्याकडे मेळघाट-गडचिरोलीत मोहाला जे स्थान आहे, तेच या झाडाला तिथे होते. ते गेले आणि त्याच सुमारास, १९३० च्या दशकात, मंदीही आली. डोंगरातल्या माणसाच्या घरातला रोख पैशाचा एक झरा आटला. शहरातल्या बातमीदारांनी झाड मेल्याचे लिहिले. माणसाचे काय झाले हे लिहायला फारसे कोणी गेले नाही.

आता बुरशीकडे येऊ. तिचे आजचे शास्त्रीय नाव क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातील विल्यम मुरिल यांनी १९०६ साली तिची नवी जात म्हणून नोंद केली. ती मूळची पूर्व आशियातली. फ्रँक मेयर या अमेरिकी शेती खात्याच्या माणसाला १९१३ साली ती चीनमध्ये सापडली. तिथल्या चेस्टनटच्या झाडांवर ती होती, पण झाडे मरत नव्हती. झाड आणि बुरशी हजारो वर्षे एकत्र नांदलेली, दोघांनाही एकमेकांची सवय झालेली. जपानी चेस्टनटची रोपे १८७६ पासून अमेरिकेत येऊ लागली होती आणि पुढे रोपवाटिकांच्या छापील याद्यांतून ती टपालाने घरोघर गेली. त्या आयात रोपांबरोबर ही पाहुणी आली, असे आता मानले जाते. बाहेरून येणारी रोपे तपासण्याचा कायदा अमेरिकेत १९१२ साली झाला. बैल निघून गेल्यावर गोठ्याला कडी!

बुरशी झाडात शिरते ती जखमेतून. सालीला गेलेला तडा, किड्याने पाडलेले भोक, फांदी मोडल्याची खूण, एवढी फट तिला पुरते. निरोगी, अखंड सालीतून तिला आत जाता येत नाही. आत गेल्यावर साल आणि लाकूड यांच्यामधल्या जिवंत थरात तिचे पिवळसर तंतू पंख्यासारखे पसरतात. हे तंतू ऑक्झॅलिक आम्ल सोडतात. हरभऱ्याच्या आंबेत जी आम्ले असतात त्यातलेच हे एक. या आम्लाने समोरच्या पेशी मरतात आणि मेलेल्या भागावर बुरशी पुढे सरकते. वरून पाहणाऱ्याला साल थोडी खोलगट किंवा फुगून फाटलेली, तांबूस झालेली दिसते. चट्टा वाढत वाढत खोडाभोवती फिरला आणि त्याचे कडे पूर्ण झाले की वरच्या भागाचे अन्नपाणी तुटते. कोवळे झाड लवकर जाते, जुने धिप्पाड झाड काही वर्षे तग धरते.

इथपर्यंतचे सारे सालीखाली चालते, म्हणून मर्केलचा फवारा वाया गेला. बोर्डो मिश्रण सालीवर बसते, शत्रू सालीखाली. शत्रू कुठे आहे हे न पाहता पंप पाठीवर घेतला की औषधाचे पैसे जातात आणि पाठ दुखते, एवढाच हिशेब उरतो.

पुढचा भाग नीट वाचावा, कारण सगळी मेख तिथे आहे. चट्ट्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या नारिंगी पुटकुळ्या येतात. हवा दमट झाली की त्यांतून शेवयांसारखे पिवळे-नारिंगी धागे बाहेर येतात. प्रत्येक धाग्यात लाखो बीजाणू, म्हणजे बुरशीचे बारीक बी. हे बी चिकट असते. ते पावसाच्या थेंबाने उडते, मुंग्या-किड्यांच्या पायांना लागते, सालीत किडे शोधणाऱ्या सुतारपक्ष्याच्या अंगाला चिकटते. हे पहिले बी, जवळ जवळ पसरणारे. काही काळाने त्याच पुटकुळ्यांत लांब मानेच्या सुरईसारखे सूक्ष्म कोश तयार होतात आणि त्यांत दुसऱ्या प्रकारचे बी धरते. हे नर-मादीच्या संकरासारख्या मिलनातून होते. पाऊस पडून साल भिजली की या सुरया आपले बी हवेत उडवतात. ते चिकट नाही. ते वाऱ्यावर बसते आणि दूरच्या डोंगरापलीकडे जाऊन पडते.

एकाच बुरशीला अशी दोन तऱ्हेची बिजे आहेत, एक पायी चालणारे आणि एक वाऱ्यावर स्वार होणारे. शिवाय झाड मेले म्हणून बुरशी मरत नाही. सालीसकट पडलेल्या ओंडक्यावर ती जगते आणि बी देत राहते. ओकच्या काही जातींवरही ती फारसे नुकसान न करता मुक्काम ठोकते. चेस्टनट संपला तरी रानात तिचे घर शिल्लक राहते.

ज्वारीच्या दाणे काणीशी याची तुलना करून पाहावी. काणीची काळी भुकटी मळणीत निरोगी दाण्याला चिकटते, दाण्याबरोबर जमिनीत जाते, रोपाबरोबर आतून वाढते आणि कणसात दाण्याच्या जागी पुन्हा काळी भुकटी होऊन बसते. वाढीच्या काळात तिला पाहणेही शक्य नाही, पण तिच्या आयुष्यात एक अरुंद दार आहे. पेरणीआधी बियाण्यावर बसलेली असताना ती उघडी सापडते. किलोभर बियाण्याला चार ग्रॅम बारीक गंधक चोळले की ते दार बंद होते. इतक्या स्वस्तात सुटणारा रोग दुसरा क्वचितच असेल, आणि तरी काणीची कणसे दरसाल दिसतात, हे लिहिताना आम्हाला रागच येतो. असो. चेस्टनटच्या बुरशीला असे अरुंद दार नव्हते. तिच्याकडे चारही बाजूंनी वाटा होत्या. हे ज्यांना आधी कळायला हवे होते त्यांना ते उशिरा कळले.

१९११ साली पेनसिल्व्हानिया राज्याने या रोगासाठी खास आयोग नेमला आणि त्याला पावणेतीन लाख डॉलर दिले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. आयोगाचा बेत सरळ होता. राज्यात एक रेघ आखायची, रेघेच्या पुढे रोगट झाड दिसेल ते पाडायचे, साल सोलून जाळायची. पाहणी करणारी माणसे रानोरान फिरली. १९१२ साली हॅरिसबर्ग गावी मोठी परिषद भरली. तिथे एफ. सी. स्टुअर्ट नावाच्या न्यूयॉर्क राज्याच्या शास्त्रज्ञाने उभे राहून सांगितले की हा उपाय चालणार नाही, जे जमणार नाही त्यावर लोकांचा पैसा घालू नये, आधी रोगाचा अभ्यास करावा. सभेला ते रुचले नाही. काहीतरी केलेच पाहिजे, अशी हवा होती. सरकारे अशा हवेत नेहमीच उत्साही असतात, कारण काहीतरी केल्याचा देखावा झाला तरी त्यांचे भागते.

मग त्याच काळात, त्याच राज्यात झालेल्या अभ्यासातून दुसऱ्या बिजाची कहाणी उलगडली. सुतारपक्षी आणि किडे हे लहान वाटाडे ठरले. पाऊस थांबल्यावर वाऱ्यात तरंगणारे बी हवेतूनच पकडून दाखवण्यात आले. वाऱ्याला रेघ समजत नाही. १९१३ साली आयोगाचे काम गुंडाळले गेले.

एवढ्यावर थांबले असते तर पैसा गेला म्हणून गप्प बसता आले असते, पण त्यापेक्षा मोठे नुकसान वेगळेच झाले. रोग येणारच आहे, तर झाड मरण्याआधी तोडून लाकडाचे पैसे करून घ्या, असा सल्ला जमीनमालकांना मिळाला. तोड सुरू झाली. रोगट झाडांबरोबर निरोगी झाडेही गेली. शेकडो कोटी झाडांत काही तरी झाडे अशी असतील की ज्यांच्या अंगात या बुरशीला तोंड देण्याची थोडीफार ताकद होती. ती कोणती, हे कळण्याचा एकच मार्ग होता: रोग येऊन गेल्यावर कोण उभे राहते ते पाहणे. ती संधी करवतीखाली गेली. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. रोग त्या झाडांपर्यंत पोहोचायच्या आधीच माणूस पोहोचला होता.

यात तोडणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाही. ज्याच्या उभ्या झाडाची उद्या राख होणार असे सगळे सांगतात, तो आज मिळेल त्या भावाने विकणारच. आपणही कापूस तसाच विकतो. दोष आहे तो त्याला अर्धे ज्ञान पूर्ण म्हणून सांगणाऱ्यांचा.

आणखी एक गोष्ट. पाडलेले ओंडके सालीसकट रानात पडले तिथे बुरशीचे बी त्यावरून उडत राहिले. हे आपल्याला नवे वाटू नये. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत राहिलेल्या किडक्या बोंडांत झोपून काढते आणि आपण त्याच पऱ्हाट्यांचे ढीग सरपण म्हणून बांधावर पुढच्या पेरणीपर्यंत ठेवतो. बुरशी वेगळी, अळी वेगळी, पण मेलेल्या काटकात मुक्काम करण्याची रीत एकच.

आता समुद्रापलीकडे जाऊ. ही बुरशी १९३८ साली इटलीत जिनोव्हाजवळ दिसली. युरोपातले चेस्टनट वेगळ्या जातीचे, पण तेही रोगाला बळी पडणारे. तिथल्या डोंगरी गावांत हे फळ पिढ्यान्‌पिढ्या गरिबाची भाकरी होते. अमेरिकेत झाले तेच इथे होणार, असे सगळ्यांनी गृहीत धरले. झाडे मरू लागलीही.

१९५० च्या सुमारास अँतोनियो बिरागी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नजरेला वेगळेच काही पडले. खुंटावरून फुटलेल्या काही खोडांवर चट्टे होते, पण ते खोल गेलेले नव्हते. साल कडेने भरून येत होती आणि झाड जिवंत होते. मेलेली झाडे मोजायला पुष्कळ माणसे फिरत होती. हा माणूस न मेलेल्या झाडापुढे थांबला. पुढे १९६० च्या दशकात झाँ ग्राँत या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशा भरून येणाऱ्या चट्ट्यांतली बुरशी काढून वाढवली. ती नेहमीसारखी नारिंगी नव्हती, पांढरट होती आणि रोडावलेली होती. तिला मारक बुरशीशेजारी ठेवले की मारक बुरशीही रोडावू लागे.

बुरशीच आजारी पडली होती. तिच्या तंतूंत एक विषाणू शिरला होता. १९७७ साली कनेटिकट राज्याच्या शेती संशोधन केंद्रात त्याचा माग लागला आणि १९९२ साली तोच कारण असल्याचे प्रयोगाने सिद्ध झाले. बुरशीचे दोन तंतू एकमेकांना भिडून जुळले की विषाणू एकातून दुसऱ्यात जातो. आजारी बुरशी झाडाला हळूहळू कुरतडते, पण कडे पूर्ण करण्याइतकी ताकद तिच्यात राहत नाही आणि तेवढ्या वेळात झाड जखम भरून काढते. फ्रान्समध्ये बागांतून चट्ट्याच्या कडेने भोके पाडून ही आजारी बुरशी मुद्दाम भरण्यात आली. इटलीत तर ती बरीचशी आपोआप पसरली. युरोपात आजही चेस्टनटच्या बागा उभ्या आहेत, त्यात या आजारी बुरशीचा मोठा वाटा आहे.

मग हेच अमेरिकेत का केले नाही? करून पाहिले. उत्तर पुन्हा बुरशीच्या जीवनक्रमातच सापडले. दोन तंतू जुळायचे तर त्यांचे गोत्र एक लागते. आपल्याकडे सगोत्र सोयरीक होत नाही. या बुरशीत उलटे आहे, गोत्र जुळले तरच तंतू तंतूला मिळतो, नाहीतर भिडलेल्या जागी दोघांच्याही पेशी मरतात आणि विषाणू अलीकडेच अडकतो. युरोपात बुरशीची गोत्रे मोजकी. अमेरिकेत मात्र ढीगभर, आणि मिलनातून दरसाल नव्या गोत्रांची भर. त्यातही वाऱ्यावर उडणाऱ्या त्या दुसऱ्या बिजात विषाणू उतरतच नाही. चिकट, जवळ पसरणाऱ्या बिजात तो उतरतो. म्हणजे बुरशी दूर जाते तेव्हा आजार मागे ठेवून, निरोगी होऊन जाते. मिशिगन राज्यातल्या काही राया अशाच दुसऱ्या एका विषाणूमुळे सावरल्या आहेत, पण पूर्वेच्या डोंगरांत ते जमले नाही. एका मुलखात गुण आलेले औषध दुसऱ्या मुलखात का चालत नाही, हे विचारणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी समजतात. प्रश्न मात्र शास्त्राचाच असतो.

अमेरिकेत प्रयत्न थांबलेले नाहीत. १९८३ साली तिथे या झाडासाठी एक संस्था निघाली. मक्याच्या अनुवंशावर काम केलेले चार्ल्स बर्नहॅम तिच्या संस्थापकांत होते. चिनी झाडाशी संकर करायचा आणि मग पुन्हा पुन्हा अमेरिकी झाडाशी संकर करून चिनी प्रतिकार तेवढा ठेवायचा, अशी त्यांची कल्पना. पण प्रतिकार दोन-तीन जनुकांत बसला आहे असे वाटले होते, तो अनेक जनुकांत विखुरलेला निघाला आणि काम लांबले. दुसरीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या वनशास्त्र महाविद्यालयात गव्हातले एक जनुक या झाडात घालण्यात आले. ते जनुक ऑक्झॅलिक आम्ल मोडून टाकते. बुरशी मरत नाही, तिच्या हातातले हत्यार बोथट होते. बीटी कपाशीत अळी मारण्याचा बेत होता आणि अळीने त्यातून वाट काढली. इथे शत्रूला जगू देऊन निरुपद्रवी करायचे आहे. विचार म्हणून हा आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो. २०२० साली अमेरिकी शेती खात्याकडे परवानगीचा अर्ज गेला. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र त्या झाडप्रेमी संस्थेने आपला पाठिंबा काढून घेतला. शेतातल्या चाचण्यांत झाडांची वाढ आणि प्रतिकार अपेक्षेप्रमाणे दिसेना, आणि ज्या वाणाची म्हणून वर्षानुवर्षे चाचणी चालली होती तो तो वाण नव्हताच, प्रयोगशाळेत बदलला गेलेला त्याच्याच शेजारचा वाण होता, असे निघाले. थैलीवर एक नाव आणि आत दुसरेच बियाणे, हा अनुभव फक्त आपल्या वाट्याला येतो असे नाही.

आणि ते मेलेले जुने झाड? ते पुरते मेलेले नाही. बुरशी जमिनीखाली जाऊ शकत नाही, मातीतले इतर जीवजंतू तिला तिथे टिकू देत नाहीत. म्हणून मुळे जिवंत आहेत. डोंगरांत आजही कोट्यवधी खुंटांना धुमारे फुटतात, काही वर्षे वाढतात, खोड जाडावून सालीला तडे जाऊ लागले की बुरशी त्यांना गाठते आणि ते वाळतात. खुंट पुन्हा फुटतो. फळ धरण्याइतके मोठे होणे फार थोड्यांच्या नशिबी येते.

येत्या जिल्हा बैठकीत बियाण्यावर चर्चेसाठी वेळ ठेवला आहे. ज्यांच्या ज्वारीवर गेल्या दोन हंगामांत चिकटा किंवा कणसावरची काळी बुरशी जोरात आली, पण शेतात काही ताटे स्वच्छ उभी राहिली, त्यांनी त्या ताटांची कणसे वेगळी ठेवली असल्यास सोबत आणावीत. वाण कोणता, पेरणीची तारीख, फुलोऱ्यात पाऊस कधी पडला, शेजारच्या रानात काय होते, हे एका चिठ्ठीवर लिहून कणसाला बांधावे. ताट रोगातून तरले की रोग त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही, हे त्यावरूनच ठरेल. सगळीच स्वच्छ ताटे ताकदीची नसतात, काही नुसती नशिबाची असतात. संकरित ज्वारीचे आणि संकरित पऱ्हाटीचे बी आणू नये, ते पुढच्या पिढीत तसे उतरत नाही. गावरान किंवा सुधारित वाण चालेल. दाणे मळू नयेत, कणीस अख्खे आणावे.